मागचा जिना

"आणि तुम्ही कुणापैकी?"

वकीलसाहेबांनी हे विचारलं तेव्हा माझा एक पाय त्यांच्या दाराच्या पायरीवर होता. दुसरा खाली अंगणात. हातात मोजायचा टेप. चपला काढून मी इतरांच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या होत्या. दारातून आतली नवी कोरी मोझेकची फरशी दिसत होती. वर्गातली निम्मी मुलं तिच्यावर पोचलीही होती आणि माना वर करून छत बघत होती.

बंगला नौपाड्यातला. ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याजोगा. आम्ही आर्किटेक्टचं शिकणारी मुलं, मुंबईच्या कॉलेजातून अभ्याससहलीला आलेलो. सकाळी जुनी इमारत, दुपारी आधुनिक इमारत, असा सरांचा बेत. आधुनिक म्हणजे हा बंगला. काँक्रीटचा, सपाट गच्चीचा, गोलाई घेतलेल्या सज्जाचा. ठाण्यात तेव्हा लोक मुद्दाम वाट वाकडी करून तो बघायला जात.

वकीलसाहेब दारात उभे राहून एकेकाला आडनाव विचारत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हसरा चेहरा. जोशी म्हटल्यावर, "कुठले जोशी?" कर्णिक म्हटल्यावर, "अरे वा, आमच्या कोर्टाच्या बाररूममध्ये एक कर्णिक आहेत." मग खांद्यावर हात, आणि आत. माझी पाळी आली. माझं आडनाव गावावरून पडलेलं, पुढे 'कर' लावलेलं. त्याने त्यांची पंचाईत झाली. त्या आडनावाचे ब्राह्मणही असतात, मराठेही असतात आणि आम्हीही असतो.

"कुठले तुम्ही?"

"कल्याणचा."

"कल्याणात कुठे?"

"विठ्ठलवाडीकडे."

"मूळचे?"

"जुन्नरकडचे."

अजून पत्ता लागेना. मग त्यांनी तो शब्द काढला. कुणापैकी. मराठीत हा फार सभ्य शब्द आहे. 'जात' हे अक्षर तोंडाला न लावता माणसाची जात काढून घ्यायची असली की वापरतात. विचारणाऱ्याचं तोंड विटाळत नाही. सांगणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

मी काहीही सांगू शकलो असतो. माझा शर्ट इस्त्रीचा होता, बोलणं कॉलेजात राहून शुद्ध झालेलं होतं. माझ्या मागे माधव उभा होता. डोंबिवलीचा, माझा वर्गमित्र, टेपवरचा माझा जोडीदार. त्याने मागून माझा शर्ट हळूच ओढला. सांगून टाक म्हणत होता की सांगू नको, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"महार," मी म्हणालो.

वकीलसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते जास्तच हसले.

"असं, असं. छान. शिकलंच पाहिजे हो सगळ्यांनी. आमच्या मनात तसलं काही नाही. पण घरात बायकामाणसं आहेत, त्यांचं सोवळंओवळं असतं. तुम्ही असं करा, मागून या. मागचा जिना बघून घ्या. तोही बघण्यासारखा आहे."

मी सरांकडे बघितलं. सर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी मान वर केली आणि सज्जाची खालची बाजू न्याहाळायला लागले. तिथे न्याहाळण्यासारखं काही नव्हतं. नुसता चुना होता.

"बरोबर आहे," ते सज्जाकडेच बघत म्हणाले. "कुणीतरी मागचा जिना मोजायलाच हवा. सर्व्हिस जिना. महत्त्वाचा भाग असतो तो."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला. चपला उचलल्या. पायात घालायच्या हेही सुचलं नाही. हातात धरूनच मी त्या घराला वळसा घातला.

त्या दिवशी सकाळी मी जास्त घाबरलेलो होतो, हे सांगितलं पाहिजे.

सकाळची जुनी इमारत म्हणजे कल्याणजवळचं एक दगडी देऊळ. मी त्याच बाजूला वाढलो, पण आत कधी गेलो नव्हतो. लहानपणी आईचा हात धरून त्याच्या समोरच्या रस्त्याने जायचो तेव्हा आई पदर सावरून बाजू बदलायची, इतकंच आठवतं. सहलीच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती. कायदा झालेला होता, देवळं सगळ्यांना उघडी झालेली होती, पण कायदा झाला म्हणून पुजारी बदललेला नव्हता. मी उंबरा ओलांडला. आणि काहीच झालं नाही. पुजारी पितळेची समई पुसत बसला होता. त्याने मान वर करून बघितलं आणि परत समई पुसायला लागला. मी खांब मोजले, कोनाडे मोजले, गाभाऱ्याच्या चौकटीला टेप लावला. माधव आकडे वाचत होता, मी टेपचं टोक धरत होतो.

टेपला दोन टोकं. एकाने डबी धरून आकडा वाचायचा आणि दुसऱ्याने शून्याचं टोक भिंतीला टेकवून धरायचं. आमच्या जोडीत शून्याचं टोक नेहमी माझ्याकडे. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. काम होतं, आणि मला काम आवडत होतं.

देवळाच्या पायऱ्यांवर बसून सरांनी आम्हाला त्यांचा आवडता नियम पुन्हा सांगितला. वर्षभर सांगत आलेले. "ज्याला तुमचा टेप लागला ते सलग रेषेने काढा. ज्याला लागला नाही ते तुटक रेषेने दाखवा. अंदाजाने, ऐकीव मापाने, शेजाऱ्याच्या वहीतून काढाल तर ती इमारत नव्हे, ती थाप आहे." मला हा नियम फार आवडायचा. जगात एक तरी जागा आहे जिथे थाप चालत नाही, असं वाटायचं. सरांबद्दल मला भक्ती होती. दुसरा शब्द नाही.

त्यामुळे देवळातून निघताना मी खुशीत होतो. जुनं होतं ते ओलांडून झालं, आता दुपारी तर नवं बघायचं आहे. काँक्रीटला कसली आलीय जात?

मागचा जिना लोखंडी होता. चक्री. घराच्या मागे दोन कुंपणांच्या मधून एक अरुंद बोळ जायचा, उघड्या गटाराचा. त्या बोळातून जिना चढायचा आणि वरच्या मजल्यावरच्या संडासाच्या मागच्या दाराशी थांबायचा. घरातल्या माणसांना संडासाचं पुढचं दार, साफ करणाऱ्याला हे मागचं. मधे टोपली. घरात पाऊल न टाकता वर जायचं, मैला काढायचा, खाली यायचं.

मी चपला घातल्या आणि टेप काढला. पण टेपला दोन माणसं लागतात आणि माधवला आत घेतलेलं होतं. मी टोकाची कडी दगडाखाली दाबून बघितली. दगड सरकला. पुन्हा दाबली. पुन्हा सरकला. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मी जोरात नाक शिंकरलं. मला रडायचं नव्हतं. निदान त्या बोळात तरी नाही.

"ओ दादा, बाजूला व्हा जरा. टोपली हाय."

मागे एक बाई उभी होती. आईच्या वयाची. कमरेवर पत्र्याची टोपली, हातात खराटा, नाकावरून पदर बांधलेला. मी भिंतीला चिकटलो. ती पुढे गेली नाही. माझ्याकडे, मग टेपकडे बघत राहिली.

"तुमी त्या पोरांतलेच ना? समदी आत बसल्यात. तुमी हितं काय करताय?"

"हा जिना मोजतोय."

"ह्यो?" ती पदराआडून हसली. "ह्यो मोजून काय करायचं?"

मी टेपची कडी पुन्हा दगडाखाली सारली. तिने माझा चेहरा वाचला असावा. हसू थांबलं.

"कुनाचा रं तू?"

तुमीवरून तू. दारातल्या माणसाने मला चार प्रश्न विचारून जे काढलं ते तिने एका प्रश्नात काढलं.

"कल्याणचा. आई झाडूवर आहे, म्युनिसिपालटीत."

"मंग आपलाच की. मी कळव्याची."

त्या 'आपलाच'ने धीर यायला हवा होता. मला संताप आला. मला इथे कुणाचा आपला व्हायचं नव्हतं. मला आत जायचं होतं, ती गोल वळणाची भिंत बघायची होती, छताला तुळई कुठे लपवलीय ते शोधायचं होतं. त्यासाठी मी आलो होतो. पण संताप तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

"मावशी, हे टोक धराल जरा?"

तिने टोपली खाली ठेवली. हात पदराला पुसला. मग पुन्हा पुसला.

"माजा हात चालंल न्हवं त्याला?"

"चालतो."

तिने शून्याचं टोक धरलं. मी आकडा वाचला. वर्षभरात पहिल्यांदाच टेपची डबी माझ्या हातात होती.

माप झाल्यावर ती टोपली घेऊन वर चढली. आडवी चढली, एका खांद्याने. सरळ चढायला जागाच नव्हती. वर दाराशी पोचून तिने हाक दिली, "बाई, कडी काढा वो."

आतून आवाज आला. "थांब गं तिथेच. मुलं आलीयत घर बघायला. ती गेल्यावर ये."

ती उतरली नाही. उतरून पुन्हा आडवं चढायचं कोण? ती तिथेच, उन्हात, लोखंडाच्या तापल्या पायरीवर टोपली धरून उभी राहिली. मी खाली उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या सज्जात वर्ग आला. पुढे सर, मागे मुलं, मुलांमागे वकीलसाहेब.

"आता हा सर्व्हिस जिना पाहा," सर म्हणाले. वर्गात बोलायचे तसंच, खणखणीत, शब्द सुटा सुटा करत. "घरातल्या वावराला कुठेही न छेदता स्वच्छतेचं काम होतं. मालकाला पत्ताही लागत नाही. हे उत्तम नियोजन."

मुलांनी वाकून बघितलं. वह्या काढल्या. लिहून घेतलं. जिना बघितला, त्याची गोलाई बघितली, कठडा बघितला. वर ती उभी होती आणि खाली मी उभा होतो. आमच्याकडे कुणी बघितलं नाही. माधवने बघितलं, आणि मग तोही वहीत बघायला लागला.

तेव्हा मला लख्ख कळलं. तोवर मी समजत होतो की दारात जे झालं ते वकिलाच्या मनात आलं म्हणून झालं. माणूस कोता, त्याला काय करणार. पण तसं नव्हतं. हे आधीच ठरलेलं होतं. पाया खणायच्या आधी. कुठल्या तरी आर्किटेक्टने टेबलावर कागद ताणून लावला होता, पेन्सिलीला टोक काढलं होतं, टी-स्क्वेअर नीट बसवला होता आणि मग विचारपूर्वक, चांगल्या हस्ताक्षरात, माझ्यासाठी ही जागा काढून ठेवली होती. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही नव्हती. नव्या घरात जात चुकून शिरलेली नव्हती, सिमेंट आणि सळईबरोबर तिचाही हिशेब धरलेला होता.

आणि मी तेच शिकत होतो. तेच काढायला.

मी टेप गुंडाळून डबीत घातला.

परतताना माधव माझ्याबरोबर चालत होता. मग एकदम म्हणाला, "अरे, मनावर नको घेऊस. म्हातारा आहे तो. मी तुला आतली सगळी मापं देतो. सगळी उतरवून घेतलीयत मी. तू आपला बसून प्लॅन काढ. कुणाला कळतंय तू आत गेलेलास की नाही?"

"मला कळतंय ना."

"हे बघ, हे प्लॅनचं शीट टर्मच्या मार्कांत धरणार आहेत. नाही झालं तर वर्ष जाईल तुझं. मग स्कॉलरशिपचं काय?"

तो खरं बोलत होता. सरकारी शिष्यवृत्ती होती म्हणून मी कॉलेजात होतो. नापास झालो की ती बंद. ती बंद झाली की मी वडिलांच्या गँगमध्ये, रेल्वेच्या रुळांवर खडी ठोकायला. वडिलांना दमा लागलेला होता आणि ते माझी नोकरी लागायची वाट बघत होते. माधव वाईट मुलगा नव्हता. त्याला माझं खरंच वाईट वाटत होतं. पण आत शिरताना तो 'याच्याशिवाय मीही येत नाही' असं म्हणाला नव्हता, आणि आता मापं द्यायला निघाला होता. मी त्याला नको म्हणालो.

घरी बोर्ड जमिनीवर टाकून मी बसलो. विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीत टेबल नव्हतं. कागद ताणून लावला. बंगल्याची बाहेरची रेष मी तुटक काढली. टेप लागलाच नव्हता, सलग कशी काढणार? आत काही काढलं नाही. दिवाणखाना नाही, माजघर नाही, देवघर नाही. पांढरं. मग मागे तो जिना काढला. सलग, काळ्या शाईत. प्रत्येक पायरी, कठड्याचा प्रत्येक गज, वरचं दार, दाराची कडी. कडी आतल्या बाजूला. आणि त्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'येथे मला येऊ दिले नाही. माप घेतलेले नाही.'

आई कामावरून आली. पाय धुऊन माझ्या मागे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने बोट त्या गोलावर ठेवलं.

"ह्ये काय, जातं?"

"जिना आहे. गोल."

"आन घर कुठंय?"

मी काय झालं ते सांगितलं. सगळं नाही, पण तिला सगळं कळलं. ती खाली बसली. बोट अजून त्या गोलावरच.

"घर काढाया शिकतो म्हनलास," ती म्हणाली, "आन आमचा जिना काढून आनलास."

मला वाटलं ती रडेल. ती चिडली होती. माझ्यावर की कुणावर, तिलाच सांगता आलं नसतं. मग उठून तिने चूल पेटवली आणि पाठमोरी म्हणाली, "काढलास ते काढलास. आता पुसू नगंस."

सहलीतल्या शीट्सचं प्रदर्शन सरांनी ठाण्यातच भरवलं, एका शाळेच्या सभागृहात. पाहुणे म्हणून बोलावले ते वकीलसाहेब. मी माझं शीट सकाळी लवकर जाऊन लावलं, चारही कोपऱ्यांना पिना घट्ट दाबून. शेजारी माधवचं. त्यात बंगला पूर्ण होता, अगदी देवघरातल्या कोनाड्यासकट. आणि मागे एक गोल ठिपक्याएवढा, जिन्याचा.

सर आले. शीटसमोर थांबले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला.

"काढ ते खाली."

"का, सर?"

"पाहुणे यायच्या आत काढ. उगाच शोभा करू नकोस."

"सर, तुम्हीच सांगितलंत. टेप लागला नाही ते तुटक रेषेने."

"तो नियम कामासाठी आहे. कुणावर सूड उगवायला नाही."

"सूड नाही, सर. मापं आहेत. तपासून घ्या."

सरांपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलत होतो. मी शीटसमोर उभा राहिलो, पाठ भिंतीला टेकवून. काढायचं असेल तर मला आधी बाजूला करावं लागलं असतं. आणि बाजूला करायला मला हात लावावा लागला असता. सरांचा हात उठला आणि तसाच राहिला. तेवढ्यात दारात गडबड झाली. पाहुणे आले.

वकीलसाहेब एकेक शीट बघत पुढे सरकत होते. वा, छान, सुरेख. स्वतःच्या बंगल्यापुढे जास्त वेळ. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी बाजूला झालो. त्यांनी चष्मा नाकावर चढवला. आणि माझ्याकडे बघून हसले, दारातलंच ते हसू.

"तुमचं का हे? कुठले तुम्ही?"

मला क्षणभर समजेना. मग समजलं. ते मला विसरले होते. मी त्यांच्या दारातून चपला हातात धरून मागे गेलो होतो, त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेलं नव्हतं, आणि त्यांना माझं तोंडही आठवत नव्हतं.

"कल्याणचा."

"कल्याणात कुठे?"

"विठ्ठलवाडीकडे."

"मूळचे?"

"जुन्नरकडचे."

सगळ्या पायऱ्या तशाच. मी वाट बघत उभा राहिलो.

"आणि कुणापैकी म्हणायचं?"

"मागच्या जिन्यापैकी."

सभागृहात कुणीतरी खोकलं. वकीलसाहेबांनी शीट पुन्हा बघितलं. या वेळी नीट. ती तुटक रेष त्यांनी डोळ्यांनी फिरून पूर्ण केली, सज्जाची गोलाई ओळखली, आणि मग ते पांढऱ्या जागेतलं बारीक अक्षर वाचलं.

"हा माझा बंगला आहे?"

"हो. मला दाखवलात तेवढा."

हसू गेलं. मला तेवढंच बघायचं होतं, हे मी लपवत नाही. ते सरांकडे वळून म्हणाले, "मुलांना जरा वळण लावा," आणि पुढच्या शीटकडे न बघता बाहेर पडले. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी सरांनी मला तलावाच्या काठी गाठलं. आवाज चढवला नाही. "मी तुझ्या बाजूचा माणूस आहे," म्हणाले. "तुला प्रवेश मिळावा म्हणून मी शब्द टाकला होता. माधवची मापं घे, पूर्ण प्लॅन काढून आण. मी ते शीट पाहिलंच नाही असं समजेन."

"शेजाऱ्याच्या वहीतून, सर?"

ते तलावाकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मग तुझं वर्ष जाईल. मला इलाज नाही."

"तुम्हाला होता, सर. दारात होता."

वर्ष गेलं. शिष्यवृत्तीही गेली. वडील माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. खडी ठोकायला मात्र मी गेलो नाही. डोंबिवलीला तेव्हा शेतांचे प्लॉट पडत होते, नवी घरं उठत होती. एका कंत्राटदाराकडे मी नकाशे उतरवायचं काम धरलं. दिवसभर त्याचे नकाशे, संध्याकाळी माझा अभ्यास. नकाशे उतरवताना एक गोष्ट ध्यानात आली. घरं वेगळी, मालक वेगळे, कुणी सारस्वत, कुणी प्रभू, कुणी गुजराती. पुढचं दार प्रत्येकाचं निराळं. मागचा जिना सगळ्यांचा एकच, त्याच गोलाईचा, तेवढ्याच रुंदीचा. मी तो उतरवेनासा झालो.

"अरे, जिना राहिला," कंत्राटदार एकदा ओरडला.

"राहिला नाही. मी काढला नाही."

त्याने मला काढून टाकलं. पण तोवर फीची सोय झाली होती, आणि जूनमध्ये मी त्याच वर्गात, त्याच बाकावर पुन्हा जाऊन बसलो. सर तेच. नव्या मुलांना तेच सांगत होते, टेप लागला ते सलग, नाही लागला ते तुटक. माझ्याकडे न बघता.

सहलही आलीच. नौपाड्याच्या बंगल्याने अर्थात नकार दिला. या खेपेला डोंबिवली. एका डॉक्टरचं नवं घर, रंगाचा वास अजून न गेलेलं. सकाळी मी आईला सांगितलं कुठे चाललोय. तिने माझ्या चपलांचा तुटलेला अंगठा शिवून ठेवला होता. म्हणाली, "हातात घिऊन येऊ नगंस."

फाटकापासून मी मुद्दाम सगळ्यांच्या पुढे चाललो. डॉक्टर दारात आले. तरणाबांड माणूस, बुशशर्ट घातलेला, आधुनिक. "या, या. आपलं आडनाव?"

आडनावाच्या खालच्या पायऱ्या मला पाठ होत्या. त्या एकेक करून उतरायची माझी तयारी नव्हती.

"मी महार आहे," मी म्हणालो, मागच्या मुलालाही ऐकू जाईल असं. "पुढच्या दाराने आत येणार आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा. सगळ्यांच्या देखत सांगा."

डॉक्टरांचं हसू अर्धवट राहिलं. त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी मान वर केली. तिथेही सज्जा होता.

"नाही, म्हणजे," सर सज्जाकडे बघत म्हणाले, "तसं काही नाही. पण मागचा जिनाही कुणीतरी मोजायला..."

"मोजायलाच हवा, सर," मी म्हणालो. "या वर्षी तुम्ही मोजा."

आणि टेपचं शून्याचं टोक मी त्यांच्या हातात दिलं.

कुणी हललं नाही. डॉक्टर दारातून बाजूला झाले नव्हते. होतील की नाही, मला माहीत नव्हतं. आणि ते झाले नाहीत तर पुन्हा वर्ष जाईल, हेही मला माहीत होतं. मी चपला काढल्या. इतरांच्या ओळीत लावल्या नाहीत, बरोबर दाराच्या समोर ठेवल्या. एक पाय पायरीवर ठेवला. दुसराही वर घेतला.

मागचा जिना मी कागदावर एकदा काढला आहे. आता तो घराघरातून काढायचा आहे. त्याला आर्किटेक्ट लागतो. मी होणार आहे, कितीही वर्षं गेली तरी, आणि या पायरीवरून आता मी खाली उतरत नाही.